वाकळीतील एक ओळ

नाताळच्या सुटीत माझी दहा वर्षांची नात माझ्याकडे राहावयास आली होती. बेळगावची थंडी तिच्या अंगवळणी नाही. म्हणून पहिल्याच रात्री मी माझ्या खाटेवरची जुनी वाकळ काढून तिच्या अंगावर घातली. सकाळी पाहते तो, ती अंथरुणात उठून बसली होती आणि वाकळीच्या टाक्यांवरून एक बोट सावकाश फिरवीत होती.

"आजी," तिने विचारले, "बाकीच्या सगळ्या ओळींचे टाके तांदळाच्या दाण्यांएवढे आहेत. मग ह्या एकाच ओळीचे टाके इतके बारीक आणि घट्ट का? ही ओळ दुसऱ्या कुणी घातली का?"

मुलांची नजर किती तीक्ष्ण असते! ३५ वर्षांहून अधिक काळ ही वाकळ माझ्या घरात आहे. आल्यागेल्यांनी ती पाहिली, वाखाणली. पण त्या ओळीविषयी आजवर मला कुणी विचारले नव्हते. नातीला जे सांगितले तेच आज वाचकांसही सांगावे असे वाटते. आपल्या घराघरांतून हाताने काही ना काही करणाऱ्या आणि केलेले प्रेमाने एकमेकींस देणाऱ्या पुष्कळ भगिनी आहेत. माझ्या हातून जी चूक झाली ती त्यांच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

लग्नानंतर आम्ही शहापुरात बिऱ्हाड केले. त्या भागात तेव्हा घरोघरी माग चालत. पहाटेपासून त्यांचा खटखटाट कानी पडे. आमच्या शेजारी एक विणकराचे कुटुंब होते. त्या घरची गृहिणी वयाने माझ्याहून तीस वर्षांनी मोठी. सारी आळी तिला आक्का म्हणे, मीही म्हणू लागले. आक्का वाकळी शिवी. जुनी लुगडी, विटलेली धोतरे, मागावरचे उरलेले तुकडे यांचे थर एकावर एक अंथरून ती जमिनीवर बसे आणि काठापासून धावदोऱ्याच्या ओळी घालीत निघे. दोन ओळींमध्ये एका बोटाचे अंतर. ना पट्टी, ना खडूची खूण. पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत तसूभर फरक पडत नसे.

माझ्या हाती कला होती ती क्रोशाची. शाळेत असताना एका वृद्ध धर्मभगिनीने मला सुई कशी धरावी ते शिकविले. त्याच आम्हांला सांगत की, आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून घोर दुष्काळ पडला, तेव्हा तेथील कॉन्व्हेंटांतून गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकविण्यात आली आणि तिच्या विक्रीवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. त्या लेसची एक रीत मला पुढे फार आठवली. तिच्यातील फुले-पाने वेगवेगळ्या हातांनी निरनिराळी विणली जात आणि मग आणखी एखादी बाई ती सारी जाळीत गुंफून एक करी. एका वस्त्रात अनेकींचे हात नांदत. मी वेदीवरच्या वस्त्रांना लेस करीत असे, बाळांची टोपडी विणीत असे आणि दोन पैसे मिळाल्यास नको म्हणत नसे.

आक्काचा आणि माझा धर्म निराळा, पण आमच्यातील देवघेव धाग्याची होती. नाताळात मी नेवऱ्या आणि कुलकुलांचे ताट तिच्याकडे पाठवी; ते ताट रिकामे कधी परत आले नाही. दिवाळीस तिच्या घरचा फराळ येई. त्या डब्यातही परत जाताना काही ना काही असे. हळूहळू खाद्यपदार्थांच्या जागी हातचे काम आले. तिच्या देव्हाऱ्यासाठी मी लेसचा रुमाल केला. तिने मला तुकड्यांचे बसकूर शिवून दिले. मी तिच्या थोरल्या सुनेच्या चोळीला क्रोशाचा काठ लावला. तिने माझ्या यजमानांच्या सायकलीच्या बैठकीसाठी अशी मऊ गादी शिवली की, त्यांचे सहकारी हेव्याने पाहत.

मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात देणगीची तीन बंधने सांगितली आहेत. द्यावे, घ्यावे आणि परत करावे. दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंशही जातो, म्हणून ती वस्तू घेणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही, असे त्याचे प्रतिपादन. या तिहींपैकी सर्वांत कठीण कोणते, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, घेणे. त्यातही एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडून घेणे तर फारच कठीण. बाजारातून आणलेली साडी दिली तर घेणारी तिची किंमत करते. हातची वस्तू दिली तर साधी घेणारी नुसती आनंदते. पण जिला टाका कळतो, तिच्या हाती तुम्ही आपला टाका देता तेव्हा तुम्ही उघडे पडता. कुठे हात थकला, कुठे मन लागले नाही, कुठे दोरा संपत आला म्हणून ओढून घेतला, हे सारे तिला दिसते. आणि जे दिसते त्याचे काय करावे, येथेच घेणारीची परीक्षा असते.

१९८८ च्या पावसाळ्यात मला दिवस गेले होते. आक्काने जुन्या लुगड्यांचे गाठोडे सोडले. "तुझ्या बाळंतपणाला वाकळ घालते," एवढेच ती म्हणाली. नोव्हेंबरात माझी मुलगी जन्मली आणि बाराव्या दिवशी आक्काच्या नातवाने वाकळ आणून दिली. वरचा थर तिच्या आईच्या इरकली लुगड्याचा; आत तिच्या दिवंगत यजमानांचे धोतर होते, हे मला नंतर समजले. अशी देखणी वाकळ तिने पूर्वी कुणाला दिलेली मला ठाऊक नव्हती. मी ती खाटेवर अंथरली आणि तिच्यावर बाळाला घेऊन निजले.

दोन दिवसांनी उन्हाची तिरीप खाटेवर पडली असता मला ती ओळ दिसली. बरोबर मध्यावर एक ओळ वाट चुकली होती. टाके कुठे लांब, कुठे आखूड. एके ठिकाणी तर ती शेजारच्या ओळीवरून पलीकडे गेली होती आणि पुन्हा चाचपडत परत आली होती. दोन वितींएवढी लांबी असेल. आक्काच्या हातची अशी ओळ मी कधी पाहिली नव्हती. बाळाला बघायला आळीतल्या बायका येणार, त्यांना ही ओळ दिसणार, आक्काला काय वाटेल, असे मी मनाशी म्हटले. आता इतक्या वर्षांनी प्रामाणिकपणे सांगते. माझ्या मनात तिची लाज राखण्याचा विचार होता तितकाच माझ्या हाताची खाजही होती. वाकडा टाका मला पाहवत नसे. त्या दुपारी बाळ निजले असता मी ती ओळ उसवली आणि बारीक, घट्ट टाक्यांनी सरळ घालून टाकली. काम चोख झाले होते. मला समाधान वाटले.

महिन्याने आक्का स्वतः आली. बाळाच्या मुठीत तिने रुपया ठेवला, खाटेच्या कडेला टेकली आणि बोलता बोलता वाकळीवरून हात फिरवू लागली. कारागिराचा हात असाच असतो. तो आपल्या कामाची विचारपूस केल्यावाचून राहत नाही. एकाएकी तिचे बोलणे थांबले. हात मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"ही वळ माजी न्हवं गे," ती म्हणाली.

"आक्का, थोडी वाकडी गेली होती," मी म्हटले. "मी सरळ केली."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "वाकडी गेली व्हती, ते मला ठावं व्हतं. उसवून परत घालाय येत व्हती. खरं म्हटलं, राहू दे. तुझी नजर टाक्यावर जाती. तुला कळंल, आक्काचं दिसणं चाललं म्हणून. घरात कसं सांगू? काम सोड म्हणतील."

वाचकहो, ते ऐकून मला जे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. आक्काला लिहिता येत नव्हते. तिने मला जे कळवायचे होते ते आपल्या अक्षरांत, म्हणजे टाक्यांत, लिहून पाठविले होते. साऱ्या आळीत ते वाचू शकणारी मी एकटी. आणि मी ते पत्र न वाचता त्यातील शुद्धलेखन दुरुस्त केले होते!

"मी आत्ता उसवते," मी घाईघाईने म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "आता ती तुझी वळ. असू दे तितंच." तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात मी तिच्या मुलाशी बोलले आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू निघाला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, चोरपावलांनी येतो. त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र नित्य औषध घातल्याने पुष्कळदा राखता येते. एका डोळ्याचे जवळजवळ सर्वस्व गेले होते. दुसऱ्यात थेंब घालणे सुरू झाले आणि त्या डोळ्याने तिला अखेरपर्यंत साथ दिली. डॉक्टर म्हणाले, एका महिन्याने फारसा फरक पडला नसता. त्यांनी ते खरेच सांगितले असेल. तरी तो महिना मी अजून मोजते.

तिला वाकळीच्या बदल्यात काय द्यावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. लेसची चादर विणावी असे एकदा मनात आले. पण ती चादर तिने पाहिली असती कशी? शेवटी उत्तर तिनेच नकळत दिले. एके दिवशी ती मला म्हणाली की, हात अजून चालतो, पण सुईच्या नाकात दोरा जात नाही. दर वेळी नातवाला हाक मारावी लागते आणि पोर वैतागते. त्या रविवारपासून मिस्सेहून परतल्यावर मी तिच्याकडे जाई आणि वीस सुयांत दोरा ओवून त्या एका उशीत ओळीने टोचून ठेवी. आठवडाभर त्या तिला पुरत. मोठ्या वाकळी तिने पुन्हा घातल्या नाहीत. पण दुपटी शिवली, बसकुरे शिवली, बोटांनी चाचपून शिवली. हे नऊ वर्षे चालले. माझ्या हातची पुष्कळ कामे लोकांनी नावाजली आहेत. पण ओवलेल्या त्या सुयांइतकी मोलाची भेट मी कुणाला दिली असे मला वाटत नाही.

मध्यंतरी १९९६ साली एका सणाच्या निमित्ताने आम्ही खानापूरच्या पुढे हल्याळ तालुक्यात गेलो होतो. तेथे सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कुणी ख्रिस्ती, कुणी हिंदू, कुणी मुसलमान. त्यांच्या बायकाही जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवतात, तिला कवंद म्हणतात. ओळी काठापासून निघून आत मध्याकडे जातात. कित्येक ख्रिस्ती भगिनींच्या कवंदावर क्रूसही असतो. कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली लहानशी फुले लावतात, आणि ती नसतील तर कवंद नागवे दिसते असे म्हणतात. उबेला त्या फुलांची काडीइतकी गरज नाही. परत येताना मी गाडीत विचार करीत होते. हातच्या प्रत्येक कामात असे काहीतरी असते की जे उपयोगासाठी नसते. तेथे करणारी आपल्याशी बोलत असते. कुणी तेथे फूल लावते. आक्काच्या वाकळीत तेथे एक चुकलेली ओळ होती.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरातील तबीथेची कथा आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने हयात असताना शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. त्या कथेत तबीथेच्या शिवणीविषयी एक अक्षरही नाही. शिवण सरळ होती की तिरपी, हे त्या बायकांनी पाहिले नाही असे नव्हे; त्या तीच वस्त्रे लेवून होत्या, त्यांना प्रत्येक टाका पाठ असणार. पण त्यांनी ती वस्त्रे घेतली होती तशीच जपली आणि तशीच पुढे केली. घेणे ते असे.

आक्का १९९८ साली गेली. वाकळ मी पेटीत जपून ठेवली नाही, रोज वापरते. दोनदा तिचा काठ विरला, तो मी नवा लावला, कारण झिजलेले सांधणे हे वापरणाऱ्याचे कामच आहे. मधल्या ओळीला मात्र पुन्हा हात लावला नाही.

नातीने हे सारे ऐकून घेतले. परत जाण्याच्या आदल्या दिवशी तिने माझ्या हाती एक गोल रुमाल ठेवला. आठ दिवस माझ्याच क्रोशाच्या सुईने, माझी पाठ वळली की ती लपून विणत होती. तिसऱ्या फेरीत तिने खांब कमी घातले आहेत. त्यामुळे रुमाल सपाट बसत नाही, वाटीसारखा वर उचलला जातो. माझी बोटे त्या फेरीपाशी गेली आणि थांबली.

"इथे काय झाले ग?" मी विचारले.

"तिथे मला तुझी गोष्ट आठवत होती," ती म्हणाली, "म्हणून मोजायचे राहिले."

तो रुमाल आता माझ्या खाटेजवळच्या मेजावर आहे. वाटीसारखाच आहे, म्हणून रात्री चष्मा त्यात ठेवते.