रिकामे ताट
नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलंडमधील घरांत पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवणाला आरंभ होत नाही. मेजावरील पांढऱ्या वस्त्राखाली, ख्रिस्तजन्माच्या गोठ्याची खूण म्हणून, थोडे वाळके गवत पसरलेले असते. ‘ओप्वातेक’ ही पापुद्र्यासारखी पातळ पोळी एकमेकांना मोडून देताना जुने रुसवे मिटतात. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट मात्र रिकामेच मांडलेले असते.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत हद्दपारीत आणि युद्धात कित्येकांची माणसे हरवली होती. पाहुण्याच्या नावाने मांडायचे ते ताट तेथे घरच्याच माणसांची वाट पाहत असले पाहिजे.