पेनिडॅरेन पार्कवरचा शनिवार

केंब्रियन पेट्रोलला गेलेल्या टीमबरोबर मी मागची व्यवस्था बघायला होतो. राशन, गाडी, कागदपत्रं, सुभेदाराच्या वाट्याला येतं ते सगळं. ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आठ जणांची टोली, पाठीवर पूर्ण पिट्टू, साधारण 60 किलोमीटर, 48 तास आणि वेल्सचा ऑक्टोबर. डोंगर उंच नाहीत. त्या भागातला सगळ्यात उंच पेन-अ-फॅन 886 मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण तिथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. ईशान्येत दोन टेन्युअर काढलेला माणूस मी, तरी दुसऱ्या दिवशी बोटं वळेनात.

पोरं परत आली, मेडिकल झालं, जेवली आणि बूट काढायच्या आधी झोपली. शनिवारची दुपार मोकळी होती. ब्रेकनला ब्रिटिश गोरखा पलटणीची एक कंपनी असते. तिथल्या एका कॉर्पोरलशी आठवडाभरात ओळख झाली होती. त्याचे काका आपल्याकडच्या गोरखा रेजिमेंटमधून पेन्शन आलेले. 1947 मध्ये दहापैकी सहा रेजिमेंट आपल्याकडे राहिल्या आणि चार इंग्रजांकडे गेल्या, तेव्हापासून अशी कितीतरी घरं दोन सैन्यांत विभागलेली आहेत. तो म्हणाला, "साब, मर्थरला मॅच आहे तीन वाजता. चला." डोंगर ओलांडला की तासाच्या आत मर्थर टिडफिल.

मला वाटलं होतं स्टेडियम असेल. घरांच्या रांगांमधून एक गल्ली, एक फाटक आणि आत मैदान. एका बाजूला छप्पर असलेला स्टँड, बाकीकडे सिमेंटच्या पायऱ्या, उभं राहायचं. गवत प्लॅस्टिकचं. तिकीट काढलं, कागदी कपात चहा घेतला आणि कठड्याला टेकून उभे राहिलो. खेळाडू इतक्या जवळ की गोलकीपर बचावपटूंना काय शिव्या देतो तेही ऐकू येतं. इथले खेळाडू आठवडाभर दुसरं काम करून शनिवारी खेळणारे. वरच्या चार विभागांखालचं हे फुटबॉल, त्याला नॉन-लीग म्हणतात. क्लब वेल्सचा, पण खेळतो इंग्लंडच्या साखळीत.

आमच्या शेजारी ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. काळ्या-पांढऱ्या मफलरवर बाहेरगावचे दोन चेहरे बघून त्यांनीच विचारलं, कुठून आलात. त्या खोऱ्यात मित्राला 'बट' म्हणतात, खाणीत जोडीने काम करणाऱ्याला म्हणायचे तो शब्द. दहा मिनिटांत मीही बट झालो होतो.

त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. खाली रोमन लोकांचा किल्ला आहे म्हणाले. आणि याच पेनिडॅरेनच्या लोखंडाच्या कारखान्यातून 21 फेब्रुवारी 1804 ला ट्रेविथिकचं इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं घेऊन रुळांवरून निघालं. अंतर पावणेदहा मैल, वेळ चार तासांवर. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी धावली हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी अशी मान हलवली की जणू तीही त्यांनीच पाठवली होती.

एके काळी हे वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव. मग उतरण लागली. 1930 मध्ये डाउलेसचं पोलाद थांबलं आणि त्याच वर्षी इथला तेव्हाचा क्लब फुटबॉल लीगमधून मतदानाने बाहेर गेला. चार वर्षांनी तो क्लबच संपला. 1945 मध्ये नवा उभा राहिला. 1987 मध्ये त्या नव्या क्लबने वेल्श कप जिंकला आणि युरोपच्या स्पर्धेत इटलीच्या अटालांटाला याच मैदानावर 2-1 हरवलं. परतीचा सामना 2-0 ने गेला, अटालांटा त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. ही गोष्ट सांगताना म्हातारबुवांची समोरच्या मॅचवरची नजर पूर्ण सुटली होती. मधे मर्थरने गोल खाल्ला तो त्यांनी पाहिलाच नाही.

मग 2010. क्लब कर्जात बुडाला आणि मोडीत निघाला. म्हातारबुवांचा हिशेब साधा होता. त्यांची पलटण साउथ वेल्स बॉर्डरर्स, तिचं नाव 1969 मध्ये विलीनीकरणात गेलं. पुढे वॉशिंग मशीनच्या कारखान्यात नोकरी, त्या कारखान्यातलं उत्पादन 2009 मध्ये थांबलं. आणि पुढच्या वर्षी हा क्लब. "दोन गोष्टींत आम्हाला कोणी विचारलं नाही. तिसरी आम्ही जाऊ दिली नाही." प्रेक्षकांनी एकत्र येऊन संस्था चालवायला घेतली. मर्थर टाउन हे जुनं नाव परत लावलं, तीन विभाग खाली उतरून पहिला हंगाम दुसऱ्याच्या मैदानावर खेळले आणि 2011 मध्ये घरी परत आले. फाटकावरचा तिकीटवाला, चहावाली बाई, कोपऱ्यातला झेंडा सरळ करणारा माणूस, सगळे फुकट राबणारे.

त्यांनी विचारलं, तुमच्याकडे असं काही? मी लालबागचा. वडील गिरणीत साचेवाले आणि गिरणीच्या कबड्डी संघात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. मी तेव्हा पहिलीत. गिरणी परत नीट सुरू झालीच नाही. पगाराचं, फंडाचं, खोलीचं काय झालं यावर घरात वर्षानुवर्षं बोलणं चालायचं. संघाचं काय झालं हे कोणी बोललं नाही. बोलणार तरी कसं, पोट आधी. सातातले दोघे गावी गेले, एक भाजी विकायला बसला. खेळायची माती जिथे होती तिथे आता काचेची इमारत आहे. हे सगळं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आमच्याकडे निदान मैदान शिल्लक होतं, बट."

मला हे पटलं आणि थोडं लागलंही. आपल्याकडे माणसं कमी जिवाभावाची होती असं नाही. गणपतीच्या वर्गणीला लालबाग आजही उभं राहतं. पण जमिनीचा भाव माणसांच्या डोक्यावरून गेला की वर्गणीने काय होणार?

मॅच 1-1 सुटली. शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी झाली तेव्हा म्हातारबुवांनी माझा खांदा असा दाबला की पिट्टूचा पट्टा आठवला.

परतताना गाडीतून घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, बाबा जागे होते. मेडलचं सांगितलं, ते म्हणाले छान. मग मॅचचं सांगितलं. क्लब लोकांनी घेतला म्हटल्यावर पहिला प्रश्न गिरणी कामगाराचाच, "पैसे कोणी घातले?"

"प्रत्येकाने थोडे थोडे."

बराच वेळ लाइनवर नुसता घरच्या पंख्याचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला. मग डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून त्यांनी सातही जणांची नावं घेतली, कोण कुठे उभा राहायचा त्या क्रमाने. चौथ्या नावाला अडले, आईला हाक मारून विचारलं. तिला माहीत होतं.