भाडं, भाता आणि अर्ध्या खुर्च्या

खामगावात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचं स्मारक मंदिर, बुलढाण्यात गर्दे वाचनालयाचं सभागृह. जिल्ह्यात गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम म्हटलं की हीच नावं आधी ओठावर येतात. दोन्ही जागा धंदा म्हणून उभ्या राहिलेल्या नाहीत. कोरोनाच्या साथीच्या काळात गावोगावच्या अशा हॉलांचं काय झालं, ते समजायला हे आधी ध्यानात घ्यावं.

*

कोल्हटकरांचं ‘वीरतनय’ हे संगीत नाटक 1896चं. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि 1897 साली इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मार्च 2020मध्ये महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांना कुलूप लागलं ते याच कायद्याच्या आधाराने. त्या काळातली पदं आता फार थोड्यांना येतात. कायदा मात्र ठणठणीत निघाला.

*

तालुक्याच्या गावातला हॉल गाण्यावर जगत नाही. शाळांची स्नेहसंमेलनं, वधू-वर परिचय मेळावे, गुणवंतांचे सत्कार, पतसंस्थेची वार्षिक सभा यांच्या भाड्यात वर्ष निघतं. म्हणून तर संगीतप्रेमी मंडळींना एखादी रात्र निम्म्या भाड्यात मिळते. साथीत पोसणारे आणि पोसले जाणारे एकाच दिवशी घरी बसले.

*

बंद हॉलचाही खर्च चालूच असतो. पंखा फिरो न फिरो, वीजबिलात स्थिर आकार येतोच. राखणदाराचा पगार, मालमत्ता कर, गच्चीची गळती.

आणि पेटी. पावसाळाभर न उघडलेल्या पेटीचा भाता ओढला की आधी कुबट वास येतो, मग नुसती हवा. भात्याच्या घडीला कसर लागलेली, दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत, एक सूर हात काढला तरी वाजतच राहतो. दुरुस्तीवाला येईपर्यंत कार्यक्रम ठरवायचा कसा?

*

5 नोव्हेंबर 2020, रंगभूमी दिन. त्या दिवसापासून निम्म्या प्रेक्षकांत नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. हिशेब मांडून पाहा. समजा, 600 खुर्च्या आणि 200 रुपये तिकीट. भरलेल्या हॉलचे होतात 1 लाख 20 हजार, निम्म्याचे 60 हजार. पण मुंबई-पुण्याहून रात्रभर धावत येणाऱ्या गाडीचं डिझेल निम्मं होत नाही. तबलजी निम्मा ठेका धरत नाही. वर प्रत्येक खेळाआधी फवारणी. सरकारने दार उघडलं, तोट्यात जायची मुभा दिली म्हणा.

*

पुण्यात डिसेंबर 2020मध्ये व्यावसायिक नाटकाचे प्रयोग पुन्हा लागले. इकडे कोणी धीर करणार, तोच फेब्रुवारी 2021मध्ये दुसरी लाट विदर्भातूनच वर आली. अमरावतीत टाळेबंदी, बुलढाणा-अकोल्यात कडक निर्बंध. नाट्यगृहं पुन्हा बंद झाली आणि निम्म्या प्रेक्षकांत उघडली ती 22 ऑक्टोबर 2021पासून. सगळे निर्बंध उठले 2022च्या गुढीपाडव्याला. सांगलीत मार्च 2020मध्ये सुरू व्हायचं शंभरावं नाट्यसंमेलन शेवटी जानेवारी 2024मध्ये पिंपरी-चिंचवडला भरलं.

*

अमेरिकेत डिसेंबर 2020मध्ये बंद पडलेल्या नाट्यगृह-संगीतगृहांसाठी 15 अब्ज डॉलरची तजवीज झाली. आपल्या राज्याने 2021मध्ये कलाकारांना एकदाच, प्रत्येकी 5 हजार रुपये द्यायचं ठरवलं. किराणा भरायला ते बरे. पण जागा टिकली तर कलाकाराला पुढची सुपारी मिळते, हा विचार आपल्याकडे अजून रुजायचा आहे.

*

बंदीच्या काळात फेसबुकवर गाणं झालं, ‘वाह’ आणि हात जोडलेली चित्रं ढिगाने आली. गाणाऱ्याचं नाव तरी लोकांसमोर राहिलं. साउंडवाला, मांडववाला, पडदा ओढणारा, मध्यंतरात चहा-वडे विकणारा यांना त्या पडद्यावर जागाच नव्हती. गवई घरी रियाज करू शकतो. स्पीकरच्या हप्त्याला रियाज चालत नाही.

*

निर्बंध उठल्यावर मेळावे, सत्कार परतले. पतसंस्थांच्या काही सभा मात्र मोबाईलवरच रमल्या. त्यांचं भाडं गेलं ते गेलं, आणि त्याची झळ आधी लागते ती सवलतीतल्या गाण्याच्या रात्रीला.

*

हॉल चालवणाऱ्या मंडळींना एकच सुचवावंसं वाटतं. भाड्याच्या दर पावतीमागे शंभर रुपये वेगळ्या खात्यात टाका. त्याला हात लावायचा तो फक्त बंदीच्या काळात: राखणदाराचा पगार, वीजबिल आणि पेटीची दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आणि हा ठराव वार्षिक सभेत घ्या, आपल्याच हॉलमध्ये, भाडं भरून.