कब्रस्तानातील गवत आणि एक जुने यंत्र

पावसाळ्याचे दोन महिने गेले की आमच्या कब्रस्तानात गवत कमरेएवढे वाढते. रात्री-अपरात्री जनाजा आला तर खांदा देणाऱ्याला पाय कुठे पडतो ते दिसत नाही. साप-विंचवाची भीती वेगळीच. गेल्या वर्षी जमातीच्या बैठकीत कोणीतरी तणनाशकाचा उपाय सुचवला. एकदा फवारणी केली की काही दिवसांत सगळे करपून साफ. मजूर शोधायला नकोत, खर्चही कमी. बहुतेकांना ते पटले.

आम्ही दोघे भाऊ मात्र अस्वस्थ झालो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी रोवली आणि ती सुकेपर्यंत त्या दोघांचा अजाब हलका होण्याची आशा व्यक्त केली, ही हदीस सहीह बुखारीत आहे. हनफी फिकहमध्ये कबरीवरचे हिरवे गवत उपटणे मकरूह सांगितले आहे, कारण हिरवी वनस्पती अल्लाहची तस्बीह करते. सुकलेले गवत काढायला हरकत नाही. मग सगळे कब्रस्तान औषधाने जाळून टाकायचे कसे? आणि वाट मोकळी केल्याशिवाय जनाजा न्यायचा तरी कसा? इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “वाट साफ करा, मोकळी जागा साफ करा. कबरींना हात लावायचा तो फक्त सुकलेल्या गवतासाठी.”

तेव्हा आठवण झाली ती कब्रस्तानाच्या खोलीत जनाज्याच्या खाटेमागे पडलेल्या यंत्राची. मागून ढकलत चालवायचा तो पेट्रोलचा लॉनमोवर होता. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या विश्रामगृहातील सामानाचा लिलाव झाला, तेव्हा गावातल्या एका मर्हूम बुजुर्गांनी तो घेऊन कब्रस्तानाला वक्फ केला होता. दोन पावसाळे चालला, मग दगडावर आपटून बंद पडला. दहा वर्षे कोणी पाहिले नाही. सगळ्यांची वस्तू म्हणजे कोणाचीच नाही, असे होते. कमिटी तो भंगारात देणार होती. आम्ही म्हटले, वक्फची वस्तू अमानत आहे. एकदा प्रयत्न करू द्या.

या यंत्राचा जन्म मागवाल्यांना आपला वाटेल असा आहे. इंग्लंडमधील एडविन बडिंग या कारागिराने 1830 मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरून ते सारखे करणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. कापडावरची लव कातरता येते, तर जमिनीवरचे गवत का नाही? अर्थात त्याचे यंत्र हाताने ढकलायचे होते. इंजिन नंतर आले.

आमच्या मदतीला आले फवारणी पंप दुरुस्त करणारे अण्णा. त्यांनी पहिलाच धडा दिला, “सर, लहान इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. काय कमी आहे ते आधी शोधा.” दोरी ओढताना हाताला ताण लागत होता, म्हणजे दाब होता. टाकीतले पेट्रोल मात्र काकवीसारखे झाले होते. कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडली तर तळाशी चिकट थर आणि जेटचे बारीक छिद्र पूर्ण बुजलेले. धाकट्याचा दहावीत शिकणारा मुलगा तांब्याच्या तारेचा एकच पदर घेऊन तासभर ते छिद्र मोकळे करत बसला. वरचे झाकण काढले तर आत उंदराचे घरटे. फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने घासला, कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात लग्नपत्रिकेचा तुकडा धरून अंतर जुळवले, नवा प्लग बसवला. निळी ठिणगी आली.

तरीही इंजिन सुरू होईना. मुलगा वैतागला, “बडे अब्बा, तिन्ही गोष्टी आहेत, मग अडतंय कुठे?” अण्णा हसले, “ठिणगी आहे रे, पण वेळेवर पडते का?” त्यांनी पुलर लावून फ्लायव्हील काढले. ते दांड्यावर नेमक्या जागी धरून ठेवणारी बोटाच्या पेरापेक्षा लहान चावी अर्धी कातरली होती. ही चावी मुद्दाम मऊ धातूची करतात. पाते दगडावर आपटले की धक्का ती सोसते, म्हणजे महागाचा दांडा वाचावा. पण ती कातरली की फ्लायव्हील जरासे सरकते आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. एका दगडाने दहा वर्षांपूर्वी एवढेच केले होते!

नवी चावी बसवली, काळे पडलेले ऑइल बदलले. प्लगची वायर काढून मगच पात्याला हात लावला. कानशीने धार केली आणि पाते खिळ्यावर टांगून दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे ना, ते पाहिले. सातव्या ओढीला इंजिन धूर ओकत सुरू झाले. सगळा खर्च 1,250 रुपये. अण्णांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, “तिथं माझाही एक दोस्त झोपलाय.”

आता दर पंधरवड्याला मुले आधी वाटेवरचे दगड वेचतात, मग यंत्र चालते. वाटा आणि जनाज्याच्या नमाजची जागा मोकळी राहते. कबरींच्या मध्ये यंत्र जात नाही. हिवाळ्यात तिथले सुकलेले गवत विळ्याने काढतो. तणनाशकाचा विषय पुन्हा निघाला नाही, अल्हम्दुलिल्लाह.

यंत्राच्या दांडीला एक वही बांधली आहे. ऑइल कधी बदलले, धार कधी केली, कोणी चालवले, सगळे त्यात लिहायचे. मोसम संपला की टाकी रिकामी करून उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे, कारण आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल धरते. यंदाची शेवटची नोंद त्या मुलाच्या हातची आहे: “टाकी रिकामी केली. पुढच्या वर्षी मी बारावीत असेन, म्हणून मोहल्ल्यातल्या दोघांना शिकवले आहे.”