चावी आणि क्यावे

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. इटालियनचे वीस शब्द घेऊन बसले होते, बारा टिकले.

काहींसाठी काही करावंच लागत नाही. चावीला 'क्यावे', पावाला 'पाने', अलमारीला 'आर्मादियो'. आपल्याकडचे हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले, आणि पोर्तुगीज काय, इटालियन काय, दोघी लॅटिनच्याच लेकी. म्हणजे आपली चावी त्या क्यावेची भाचीच लागते.

बाकीच्यांना मात्र चित्रं लागतात. 'फोर्मिका' म्हणजे मुंगी. ओट्याखालच्या फॉर्मायकाच्या दारावरून मुंग्यांची रांग चाललीय असं डोळ्यांसमोर आणलं, झालं काम! 'कुक्क्याइओ' म्हणजे चमचा. तो कुकरच्या शिट्टीत अडकवून ठेवलाय. हटवादी आहे तो 'काल्दो'. अर्थ गरम, पण कानाला ऐकू येतं कोल्ड. तिथल्या नळावरचा 'सी' गरम पाण्याचा असतो. वाफाळतं कालवण कल्पून पाहिलं, तरी जीभ गारच पडते.

माचेराताचा जेझुइट मात्तेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात उतरला, पुढे चीनला गेला. मनात महाल बांधून दालनोदालनी चित्रं ठेवायची, ही स्मरणाची जुनी युक्ती त्याने १५९६ मध्ये चिनी भाषेत लिहून काढली. त्याचं ठीक आहे. माझा महाल दोन खोल्यांचा. कपाटात आठ शब्द कोंबले, तर सकाळी दार उघडताच सगळे एकदम अंगावर आले, आणि त्यांत चमचा कुठला नि आरसा कुठला, कळेना.

उद्या जिन्यावर मांडून बघते. पायरीला एक.