विद्यार्थ्यांच्या धोरणविषयक नियतकालिकाविषयी



तुझे पत्र पावले. सार्वजनिक धोरणांची चिकित्सा करणारे नियतकालिक महाविद्यालयातील तुम्ही मंडळी काढणार आहात आणि लेखन, परीक्षण व संपादन ही तिन्ही कामे विद्यार्थीच अंगावर घेणार आहेत, हे वाचून परम संतोष झाला. एवढ्या लहान वयात असा अधिकार आम्हांस कोणी दिला, अशी शंका तुमच्यापैकी काहींनी काढल्याचे तू लिहितोस. तिचे समाधान पुण्यातच आहे. 1870 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने 1878 पासून इंग्रजी त्रैमासिक चालविले, त्यातील पुष्कळसे लेख महादेव गोविंद रानड्यांनी आपले नाव न घालता लिहिले, आणि 1887 साली त्याचे संपादन ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे आले, ते तेव्हा अवघे 21 वर्षांचे होते. त्याच त्रैमासिकासाठी शाळाखात्यात नोकरी करणारे गणेश व्यंकटेश जोशी सरकारचेच अहवाल चाळून जमाखर्चाचे आकडे वेचीत आणि सरकारपुढे मांडीत. त्रैमासिकाच्याही आधी, 1876-77 च्या दुष्काळात, सभेने गावोगावच्या हकिगती गोळा करून सरकारकडे रवाना केल्या होत्या. पाहणी आधी आणि मत मागाहून, हा क्रम त्या मंडळींनी पाळला, म्हणूनच त्यांच्या लिहिण्यास वजन आले, असे माझे ठाम मत आहे.

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली, तेव्हा उदाहरणही त्याच दप्तरातले देतो. माझ्या नोकरीच्या काळात गावाची पैसेवारी 50 पैशांच्या आत आली म्हणजे तेथे टंचाईसदृश स्थिती मानली जाई आणि शेतसाऱ्यातील सूट, विजेच्या देयकातील सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून राही. तो आकडा निघतो कसा? उभ्या पिकात दहा मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, त्याचे वजन करावयाचे आणि ते प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहावयाचे. चौकोन ओढ्याकाठच्या काळ्या रानात पडला की माळावरच्या मुरमाड तुकड्यात, यावर धान्याच्या वजनात केवढी तफावत पडते, हे बांधावर उभे राहिल्याखेरीज कळावयाचे नाही. तुमच्यापैकी दोघांनी एखाद्या गावी जाऊन पीककापणी डोळ्यांदेखत पाहावी, तलाठ्याकडून पंचनाम्याची रीतसर नक्कल मागून घ्यावी, मागील काही वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत आणि जे दिसले तेवढेच लिहावे. असा एक लेख मला सबंध अंकभर पसरलेल्या अभिप्रायांहून अधिक मोलाचा वाटतो. रोजगार हमीची हजेरीपत्रके, शाळेच्या पोषण आहाराच्या नोंदवह्या, हीही अशीच न चाळलेली दप्तरे आहेत.

परीक्षणाविषयी तू विचारलेस. प्रत्येक लेख लेखकाचे नाव काढून दोघांकडे पाठवा. एक त्या विषयाचा अभ्यासक असावा, तर दुसरा ते काम प्रत्यक्ष करणारा, मग तो ग्रामसेवक असो वा निवृत्त अव्वल कारकून. याच कारणासाठी नियतकालिक मराठीतच निघावे, असा माझा आग्रह आहे. ज्याच्या कामाची तुम्ही चिकित्सा करता, त्याला ती वाचता आली पाहिजे आणि तिचे खंडन करावयाचे झाल्यास तेही तुमच्याच पानांवर करता आले पाहिजे. आलेले खंडन पुढील अंकात काटछाट न करता छापा.

मला खरी धास्ती वाटते ती सातत्याची. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्यामागे कागदपत्रांचा ठावठिकाणा राहत नाही. म्हणून निम्मे संपादक मंडळ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असू द्या, मूळ तक्ते व नकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करा आणि वर्षाकाठी दोनच अंक काढा, परंतु ते ठरल्या तारखेस निघालेच पाहिजेत.

पहिल्या अंकासाठी मंत्रिमहोदयांचा शुभसंदेश मागविण्याचा तुमचा विचार आहे, तो सोडून द्यावा. ते पान पैसेवारीच्या तक्त्यास द्या.

तुझा,
काका