स्थिर म्हणजे काय?

ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करणे म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने ते चालवणे. ही उठाठेव बहुधा स्वस्त कार्डांवर चालते. ज्याला महागडे कार्ड परवडते त्याला शेवटचे आठ-दहा टक्के पिळून काढण्याची निकड नसते. माझ्याकडचे कार्ड जीटीएक्स १६५०. हे मॉडेल २०१९ साली आले. मेमरी ४ जीबी, विजेची भूक ७५ वॉट. या वर्गातल्या अनेक कार्डांना विजेची वेगळी वायरही लागत नाही. मदरबोर्डच्या खाचेतून मिळेल तेवढ्यावर त्यांचा संसार चालतो.

मग वाढीव वेग येतो कुठून? एकाच तबकडीवर घडलेल्या दोन चिपा सारख्या नसतात. कंपनी जो वेग छापते तो त्यांतल्या कमकुवत चिपेलाही झेपेल असा. आपली चिप त्याहून किती सरस, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते. वेग थोडाथोडा वाढवायचा, कार्डाला तासन्‌तास राबवायचे आणि पडद्यावर ठिपके चमकतात का, चित्र फाटते का, संगणक गोठतो का, हे पाहत बसायचे. बिघडले की एक-दोन पायऱ्या मागे यायचे. तिथे जे सापडते त्याला ‘स्थिर’ म्हणतात.

हा शब्द मला विचारात पाडतो. स्थिर म्हणजे आजवर न मोडलेले, एवढेच. जानेवारीच्या रात्री १५० मेगाहर्ट्झची वाढ निर्धोक चालते. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो, छताचा पंखा गरम हवाच घुसळतो, तेव्हा तीच वाढ दहा मिनिटांत पडदा काळा करते. कार्डावरचा पंखा चिपेला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि तापलेल्या चिपेतले ट्रान्झिस्टर मंदावतात. थंड, वातानुकूलित खोलीत घेतलेले परदेशी परीक्षणांतले आकडे खोटे नसतात; ते त्या खोलीपुरते खरे असतात.

साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटावे. भालचंद्र नेमाडे याच शहरातल्या विद्यापीठात शिकवत होते, आणि बाहेरून आलेले निकष आपल्या मातीत पारखून घ्यावेत हा त्यांच्या देशीवादाचा आग्रह सर्वपरिचित आहे. मला तो मान्य आहे, पण अर्धाच. कारण मोडले ते केवळ परक्यांचे आकडे नव्हेत. माझ्याच खोलीतला, माझ्याच जानेवारीतला आकडाही मे महिन्यात टिकला नाही. देशी असणे ही परीक्षेतून सूट नव्हे. चार सोयीच्या कवितांवर बसवलेला सिद्धान्त पाचव्या, आडमुठ्या कवितेपुढे नेल्याशिवाय त्याला स्थिर म्हणू नये, मग तो पॅरिसचा असो की पैठणचा.

सध्या मी वाढ ९० मेगाहर्ट्झवर ठेवतो, बाराही महिने. हिवाळ्यात थोडा वेग वापरावाचून राहतो. तो राहू द्यावा असे ठरवले आहे.